बाहेर तीन तास सायकल चालवणारा मी घरात ट्रेनरवर वीस मिनिटांतच का गळून जातो?

हवामान बिघडल्यापासून तुम्ही सायकल घरात ट्रेनरवर, म्हणजे ती जागच्या जागी चालवता येते अशा स्टँडवर, चढवली आहे. बाहेर तीन तास आरामात चालवता, पण इथे वीस मिनिटांत जीव नकोसा होतो, छाती धडधडते, घामाच्या धारा लागतात. म्हणून तुम्ही विचारलंय की स्टॅमिना गेला का. नाही, गेलेला नाही. ट्रेनर घेण्यातही तुमची चूक झालेली नाही. बाहेरची राइड जशीच्या तशी खोलीत आणता येत नाही आणि तुम्ही नेमकं तेच करायला जाताय. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं, आणि महिन्याभरात ट्रेनर कोपऱ्यात जाऊन पडला. तेव्हा कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय की खोलीत छताचा पंखा चालू असतो. घोडं इथेच अडतंय. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता साधारण 20 ते 25 टक्के. म्हणजे पायडलवर 150 वॉट लावायचे तर शरीर 650-700 वॉट खर्च करतं आणि त्यातले 500 च्या आसपास निव्वळ उष्णता होऊन बाहेर पडू पाहतात. बाहेर ताशी 30 किलोमीटरने जाताना सेकंदाला आठ मीटरपेक्षा जास्त वारा अंगावरून वाहत असतो, त्यामुळे ही उष्णता कधी गेली तेही कळत नाही. घरात तुम्ही जागच्या जागी आहात. अंगाभोवतीची हवा तापते, दमट होते आणि तिथेच थांबून राहते.

घामाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. घाम वाळला तरच अंग थंड होतं. टपकून खाली पडला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. एक लिटर घाम वाळताना साधारण 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे 150 वॉटवर तासभरात तयार होणारी उष्णता काढायला पाऊण लिटर घाम पुरतो, पण तो वाळायला हवा. बाहेर पाऊस असेल तर हवेतच ओलावा, त्यामुळे घाम आणखी सावकाश वाळतो. मग शरीर अंग थंड करायला त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं, घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होत जातं आणि तेवढंच काम करून घ्यायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. तुम्हाला वाटतं पाय थकले. खरं तर तुम्ही तापलेले असता.

तेव्हा दुसरं काहीही विकत घेण्याआधी एक मोठा, जोरदार वारा देणारा पंखा घ्या. तो समोर, हँडलपासून हातभर अंतरावर, छातीकडे तोंड करून ठेवा. खिडकी उघडी, दारही उघडं, म्हणजे हवा खेळती राहील. जमलं तर दुसरा लहान पंखा पाठीमागून. सुरुवातीला थंडी वाजली तरी पाच-सात मिनिटांत चालू करा, घामाने चिंब होण्याची वाट बघू नका. मी हा एकच बदल केला तेव्हा त्याच वॉटला, तेवढ्याच वेळेला माझे ठोके दहा-बाराने कमी दिसायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा मी ट्रेनरवर तासभर बसलो.

दुसरं कारण म्हणजे घरात उतार नाही. बाहेरच्या तीन तासांतला बराच वेळ पाय थांबलेले असतात: उतार, वळण, सिग्नल, कुणाच्या तरी मागे निवांत चालणं. ट्रेनरवर पाय थांबले की काम थांबलं, त्यामुळे तासभर बसलात तर तासभर पायडल मारावंच लागतं. घरातला एक तास बाहेरच्या दीड तासाइतका धरावा असं मी मानतो. हे कुठलं शास्त्र नाही, माझा अनुभव आहे. म्हणून तीन तासांची राइड घरात तीन तास करायचा हट्ट सोडा. 45 ते 60 मिनिटं पुष्कळ झाली, आठवड्यातून तीनदा.

ती 45-60 मिनिटं नुसती घालवायची नाहीत, भरायची. मी स्वतः सगळ्यात जास्त केलेला वर्कआउट सांगतो. दहा मिनिटं हलकं, गिअर हळूहळू जड करत. मग आठ मिनिटं अशा जोराने की तीन-चार शब्द बोलता येतील पण पूर्ण वाक्य नाही. चार मिनिटं सैल. असं एकूण तीनदा, आणि शेवटी पाच मिनिटं पाय मोकळे. पॉवर मीटर (पायडलवरचे वॉट मोजणारं यंत्र) नसला तरी हे जमतं, बोलण्यावरून अंदाज पुरेसा येतो. वॉट दिसत असतील तर एक सांभाळा: बाहेर काढलेला एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येतील तेवढे वॉट, घरात जसाच्या तसा वापरू नका. माझा घरातला आकडा बाहेरच्यापेक्षा कमीच येतो, आणि अनेकांचा तसाच येतो. घरातच 20 मिनिटांची टेस्ट करा, सरासरी वॉटच्या 95 टक्के धरा आणि घरातले सगळे वर्कआउट त्यावर बेता. नाहीतर दर वेळी तिसऱ्या सेटला हार खाऊन उतराल आणि पुन्हा स्टॅमिनाला दोष द्याल.

दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पायडल मारा. बाहेर सायकल डुलते, आपण नकळत बूड हलवतो. ट्रेनरवर सायकल जखडलेली, त्यामुळे सीटचा सगळा भार एकाच जागी येतो आणि बधिरपणा येतो. तो सहन करत बसायची गोष्ट नाही.

तुमचा ट्रेनर मागच्या चाकाला रोलर लागणारा आहे, त्यामुळे दोन कामं दर वेळी करा. टायरमध्ये नेहमी तेवढीच हवा भरा आणि रोलर दर वेळी तेवढेच आटे पिळून लावा. रोज वेगळं झालं तर कालचे आणि आजचे आकडे जुळणार नाहीत. रोलर सैल असला की जोर लावताच चाक घसरतं, तो चर्र आवाज तुम्ही ऐकला असेल. फ्रेम कार्बनची असेल तर कंपनी तिला ट्रेनरवर लावायला परवानगी देते का, ते आधी बघा.

आणि घामापासून सायकलला जपा. हे मी कळकळीने सांगतोय. एका हंगामानंतर मी हँडलची टेप सोडवली तेव्हा आत पांढरी पूड साचलेली होती, ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडले होते. स्टेमचा (हँडल सायकलला जोडणाऱ्या भागाचा) एक बोल्ट इतका गंजला होता की किल्ली आत बसेना. वरून सगळं चकचकीत होतं, पूर्ण हंगामात संशयही आला नव्हता. हँडलवर ज्या बोल्टांच्या भरवशावर आपण उतारावर वेगात जातो, तेच हे बोल्ट. आता एक टॉवेल हँडलवर आणि स्टेमवर पसरलेला असतो, दुसरा तोंड पुसायला. उतरलो की ओल्या फडक्याने हँडल, वरची नळी, बोल्ट पुसून लगेच कोरडे करतो. दोन मिनिटांचं काम आहे.

पाण्याचं सोपं गणित आहे. बसण्याआधी आणि उतरल्यावर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. मध्ये जे प्यायलात ते त्यात मिळवा, म्हणजे तुमचा तासाचा घाम कळेल. दोन-तीनदा केलं की बाटली किती भरायची ते पाठ होतं.

स्मार्ट ट्रेनर, म्हणजे ॲपला जोडून जडपणा आपोआप बदलणारा, आणि ॲप घ्यावं का, असंही विचारलंय. घाई नको, आधी पंखा. पुढे घेतलात तर अर्ग मोडमध्ये एक जपा: ट्रेनर ठरवलेले वॉट राखतो, त्यामुळे पाय मंदावले की तो जड होतो, मग पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पायडल हलतच नाही. केडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) 85-90 च्या खाली जायला लागला की मोडमधून बाहेर पडा, श्वास घ्या, परत सुरू करा.

घरातल्या मेहनतीने खरंच काही साधतं का, ही शंका तुमच्या प्रश्नात जाणवली, म्हणून ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमनचं उदाहरण देतो. 2016 च्या फेब्रुवारीअखेरीस शर्यतीत पडून त्याचा हात मोडला. हात प्लास्टरमध्ये असताना त्याने घरात ट्रेनरवर सराव चालू ठेवला आणि सहा आठवड्यांनी, 10 एप्रिलला, पॅरिस-रूबे जिंकली. दगडी रस्त्यांची, अडीचशेहून जास्त किलोमीटरची शर्यत, आणि तो तेव्हा 37 वर्षांचा होता. व्यावसायिक खेळाडूच्या मागे वर्षांची पुण्याई असते हे मान्य, पण बाहेर पडता येत नसताना कमावलेलं टिकवता येतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

हवामान सुधारलं की बाहेर जाण्याच्या आदल्या दिवशी मागच्या टायरवरून अंगठा फिरवा. रोलरवर टायर मधोमध झिजून सपाट होतो आणि पट्टा तयार होतो. तो हाताला स्पष्ट लागला तर टायर बदला, ओल्या रस्त्यावर त्याच्या भरवशावर वळू नका. ब्रेक दोन्ही दाबून बघा. पहिल्या दिवशी सायकल हातात जरा परकी वाटेल, वळणं घेताना घाई करू नका. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये ते परत येतं.