कायदा-सल्ला : रुग्णालयाचे कागद मिळवणे आणि सिद्ध करणे

प्रश्न : मोटारसायकलच्या अपघातात माझ्या धाकट्या भावाचा पाय मोडला आणि मिरजेतील एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. भरपाईचा अर्ज सांगलीच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे आहे. रुग्णालय डिस्चार्ज कार्डापलीकडे काही देत नाही आणि विमा कंपनीचे वकील म्हणतात की, कार्डाची झेरॉक्स हा पुरावाच नव्हे. आम्ही काय करावे? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारासंबंधीच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाचे (दाखल होऊन उपचार घेतलेल्या रुग्णाचे) कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. म्हणून भावाच्या सहीचा लेखी अर्ज आजच द्या आणि त्याची पोच घ्या. बिल थकले आहे, हे कागद अडवून धरण्याचे कारण होऊ शकत नाही. दावे वर्षानुवर्षे चालतात आणि तीन वर्षे पाहता पाहता सरतात, त्यामुळे कागद मागण्यासाठी साक्षीच्या तारखेची वाट पाहू नये.

तरीही नकार मिळाला, तर न्यायाधिकरणाकडे दस्तऐवज हजर करण्याच्या समन्ससाठी अर्ज करावा. साक्षीदार व दस्तऐवज हजर करवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत.

मात्र कागद हाती येणे आणि तो सिद्ध होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि बहुतेक दावेदार पहिलीवरच थांबतात. विमा कंपनीने कागदांचा खरेपणा मान्य केला, तर त्यांना निशाणी क्रमांक मिळतो, म्हणजे ते पुरावा म्हणून नोंदले जातात. ती मान्य करत नसेल, तर मूळ कागद मागवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांची, किंवा ते उपलब्ध नसल्यास त्यांचे हस्ताक्षर व सही ओळखणाऱ्या सहकाऱ्याची साक्ष घ्यावी लागते. सर्वांत जास्त वाद अपंगत्वाच्या टक्केवारीवर होतो. पायाचे अपंगत्व ४० टक्के लिहिले, म्हणजे कमाई ४० टक्के बुडाली असे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निर्णयात सांगितले आहे की, अवयवाचे अपंगत्व, संपूर्ण शरीराचे अपंगत्व आणि कमावण्याच्या क्षमतेतील घट यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. भाऊ द्राक्षबागेत राबत असेल, तर पाय न वाकण्याचा त्याच्या कामावर होणारा परिणाम दुकानात बसणाऱ्यापेक्षा निराळा असतो. तो अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर लिहिलेला नसतो. काही भाग डॉक्टरांच्या आणि उरलेला भावाच्या स्वतःच्या साक्षीतून यावा लागतो. डॉक्टर दवाखाना सोडून यायला तयार नसतील, तर कोर्ट कमिशनरमार्फत (साक्ष नोंदवण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीमार्फत) त्यांची साक्ष नोंदवण्याचा अर्ज करता येतो.

एक्स-रे किंवा नोंदी संगणकावरून छापून दिल्या असतील, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे, ती प्रत कोणत्या उपकरणातून व कशी काढली हे सांगणारे प्रमाणपत्र जोडावे लागते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जालन्याच्या निवडणूक वादात, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले होते. प्रिंट घेतानाच ते मागून घ्यावे.

प्रश्न : मी विट्यातील एका रुग्णालयात रेकॉर्ड सांभाळतो. न्यायालयाचे समन्स आल्यास मला स्वतः जावे लागते का? रुग्णाची माहिती गोपनीय असल्याचे सांगून कागद नाकारता येतील का?

उत्तर : समन्स फक्त कागद हजर करण्याचे असेल, तर जबाबदार कर्मचाऱ्याकरवी ते पाठवले तरी आज्ञापालन होते, आणि केवळ कागद आणून देणारा साक्षीदार ठरत नाही, त्यामुळे त्याची उलटतपासणीही होत नाही. साक्ष देण्याचेही समन्स असेल, तर मात्र स्वतः जावे लागते. गोपनीयतेबद्दल सांगायचे, तर वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला कायद्याने जे संरक्षण दिले आहे, ते डॉक्टर-रुग्ण संबंधाला नाही. न्यायाधीशांचा आदेश असल्यास माहिती उघड करण्याची मुभा वर उल्लेखिलेले विनियमच देतात. एचआयव्ही किंवा मानसिक आजाराच्या नोंदींना विशेष कायद्यांचे संरक्षण असल्याने त्या बंद लिफाफ्यात सादर कराव्यात आणि त्यांचे स्वरूप न्यायालयाच्या निदर्शनास आणून आदेश मागावा. वकिलाचे किंवा विमा तपासनीसाचे नुसते पत्र म्हणजे समन्स नव्हे. त्यावर रुग्णाच्या संमतीशिवाय काहीही देऊ नये. मूळ कागद नेताना प्रत्येक पानावर क्रमांक टाका, संपूर्ण छायाप्रत रुग्णालयात ठेवा आणि पडताळणीनंतर मूळ परत मिळावेत असा अर्ज त्याच दिवशी द्या.