माणसाचा स्वभाव समजून घ्यायला काय वाचू, मानसशास्त्र की अर्थशास्त्र?

मी प्राध्यापक नाही, सोलापुरात साखर पेठेत सुताचा धंदा करतो. त्यामुळे बोळातल्या नळाचंच सांगतो.

आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, तेही पहाटे. बोळात चौदा घरं. पहिल्या घरानं नळाला मोटार लावली. तिसऱ्या मजल्यावर दोघंच म्हातारे, कारण रास्त होतं. शेजारच्यांची धार करंगळीएवढी झाली, त्यांनीही लावली. मग त्यापुढच्यांनी. कडेच्या अक्का म्हणायच्या, "असलं ओढून घेतलेलं पाणी नको बाबा." नळातून नुसती हवा फुसफुसायला लागली तेव्हा त्यांनीही अर्ध्या एचपीची आणली. आता यात लोभी कोण?

चौदा जणांचे स्वभाव वेगवेगळे तपासून हे कळत नाही. निम्मं उत्तर पाइपातच आहे: एकानं ओढलं की पुढच्याचा दाब पडतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७८ साली असाच एक हिशेब मांडला. शंभर माणसं. एक जण कुणाची वाट न बघता दगड उचलतो, दुसरा एकाला बघून, तिसरा दोघांना बघून, असं शंभराव्यापर्यंत. सगळेच दंगलीत. आता फक्त दुसरा माणूस बदला, तो दोघांना बघितल्याशिवाय हलणार नाही. दंगल एका दगडावर थांबते! नव्याण्णव माणसं तीच. अर्थात हिशेबातली माणसं फार आज्ञाधारक असतात, त्यांचं शेजारणीशी वीस वर्षांचं भांडण नसतं. त्यासाठी बोळाचा इतिहासही माहीत हवा.

म्हणून विषय निवडू नका, एक प्रश्न धरा आणि तो नेईल तिकडे जा. हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकानं तेच केलं. शिकला राज्यशास्त्र, माणूस निर्णय कसा घेतो हा प्रश्न सोडला नाही. १९७५ साली कॉम्प्युटरमधलं ट्युरिंग पारितोषिक आणि १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मागच्या उन्हाळ्यात ऐन पाण्याच्या वेळेला लाईट गेली. मोटारी गप्प. अक्कांच्या नळाला कित्येक महिन्यांनी धार आली. बोळातली पोरं त्या दोघा म्हाताऱ्यांना तिसऱ्या मजल्यावर घागरी नेऊन देत होती, अक्का सगळ्यांना चहा विचारत होत्या. पावणेपाचला लाईट आली आणि पहिल्या घराची मोटार घरघरली. मग शेजारची.