नवा पोरगा भाव पाडतो, त्याला शिकवायचं कशाला?

“ज्याला शिकवू, तोच उद्या समोर दुकान टाकणार.” इंदूरमध्ये समुपदेशन करताना हे वाक्य मी शिंप्यांकडून ऐकलं, फोटोग्राफरांकडून ऐकलं, फर्निचरवाल्यांकडूनही. हल्ली ते सगळ्यात जास्त येतं दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडून. कारण उघड आहे. पूर्वी या धंद्यात शिरायचं तर उस्तादाच्या हाताखाली वर्षं घालवावी लागत. आता कर्जावर शीट कापणारं राउटर मशीन मिळतं आणि तयार एलईडी अक्षरंही बाजारात मिळतात. महिन्याभरात पाटी लागते. जुन्यांना हे सहन होत नाही. त्यांच्यातल्या एका गृहस्थांची हकीकत सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. त्यांना नुसतं काका म्हणू.

काका रामबागेकडचे, साठीला आलेले. खडूच्या दोरीने रेघ झटकायची, खारीच्या केसांचा ब्रश एनॅमलमध्ये बुडवायचा आणि शिडीवर बसून अक्षर ओढायचं, तिथून त्यांची सुरुवात. इंदुरात वाढलेले चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते, हे पहिल्याच भेटीत मला सांगून झालं. पुढे फ्लेक्स आलं, मग एसीपी शीट (ॲल्युमिनियमच्या पातळ थरांमध्ये प्लास्टिक असलेली), मग एलईडी. दर वेळी काका नवं शिकले. म्हणजे मशीनची भीती हे त्यांचं दुखणं नव्हतं. काकूंनी त्यांना आणलं होतं ते झोप उडाली म्हणून, हाताखालच्या पोरांवर ओरडतात म्हणून, आणि एका नव्या मुलाने लावलेले बोर्ड दिसू नयेत म्हणून स्कूटर लांबच्या रस्त्याने नेतात म्हणून.

“त्याचं चुकतं तरी काय?” मी विचारलं.

“काय नाही चुकत, मॅडम? एका बोर्डात २०० मॉड्यूल, म्हणजे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या, लावले, १.२ वॉटचे. झाले २४० वॉट. म्हणून याने २५० वॉटचा सप्लाय, दिव्यांना वीज देणारा डबा, बसवला. कागदावर हिशोब बरोबर. पण सप्लाय ८० टक्क्यांवर चालवायचा असतो, म्हणजे किमान ३०० वॉटचा हवा. मे महिन्यात बंद डब्यात तापतो आणि पहिला तोच जातो. वर सगळी माळ एकाच टोकाने जोडलेली. १२ व्होल्टवर लांब तारेत व्होल्टेज घटतं, शेवटची अक्षरं मंद जळतात. तार मधून तरी द्यायची, नाही तर दोन्ही टोकांनी.”

मग ते थांबलेच नाहीत. अक्षर उथळ ठेवलं की ॲक्रिलिकवर उजेड एकसारखा पसरत नाही, दिव्यांचे ठिपके दिसतात. अक्षराच्या तळाला बारीक भोक ठेवलं नाही तर पावसाळ्यात आत पाणी साचतं. सॉल्व्हेंट शाईची छपाई दिवसभर उघडी न ठेवता लगेच लॅमिनेट केली की आतला वायू बाहेर पडतो आणि बुडबुडे धरतात. चौकट धरणारा फास्टनर बोल्ट भिंतीत न जाता नुसत्या प्लास्टरमध्ये अडकवला की पहिल्या वावटळीत चौकट हलू लागते. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तेही यांच्या गावी नसतं.

देवनागरीवर आल्यावर तर काकांचे डोळेच चमकले. “हा पोरगा इंग्रजी अक्षरांवर शिकलाय. हिंदीत वर मात्रा, रफार, खाली उकार. त्यांची जागा सोडली की मूळ अक्षराला उंची कमी उरते. १०० फुटांवरून आरामात वाचायला १० इंचांचं अक्षर लागतं. हा सगळं दाबून बसवतो. एसीपी कापून मागून उजेड द्यायचा असेल, तर व, ब, प यांच्या पोटातले तुकडे सुटे होऊन पडतात. ते मागच्या ॲक्रिलिकवर जागच्या जागी चिकटवायचे असतात. याने एकदा पोटं फेकूनच दिली! आणि फाइल कृतिदेव या हिंदी फाँटमधली, कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार न बनवता पाठवली. समोरच्याच्या कम्प्युटरमध्ये तो फाँट नाही, झाला अक्षरांचा चिवडा.”

हे सगळं मी मुद्दाम सविस्तर देते आहे. रागावलेला माणूस बोलताना कुठे खुलतो, इकडे माझं लक्ष असतं. चुका मोजताना काकांचा आवाज चढला नव्हता. त्यात रंगत आली होती. आवाज चढायचा तो एकाच ठिकाणी: “आणि लोक त्याच्याकडे जातात!”

“यातलं गिऱ्हाइकाला किती कळतं?”

“त्याला काय कळणार?”

पुढच्या भेटीला मी त्यांना दोन कागद आणायला सांगितले: त्यांनी स्वतः दिलेलं एक कोटेशन आणि त्या मुलाचं एक, कुठल्या तरी गिऱ्हाइकाकडून मागून. त्यांनी आणले. मी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि काही बोलले नाही. मुलाच्या कागदावर होतं, ‘एलईडी बोर्ड, १० बाय ३’, आणि पुढे रक्कम. काकांच्या कागदावरही तेच, अक्षर तेवढं सुरेख आणि रक्कम मोठी.

काका बराच वेळ कागदांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “यात माझं काय आहे?”

या प्रश्नापर्यंत माणूस स्वतः चालत यावा लागतो. तो मी त्यांच्या तोंडात घातला असता तर वाद झाला असता, आणि तो काकांनी जिंकला असता.

खरी गाठ त्याच्याही खाली होती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचाराची. घटनेपेक्षा घटनेवरचा आपला आग्रह जास्त छळतो, असं मानते आणि तो आग्रह शोधत बसते. काकांचा आग्रह एका वाक्यात बाहेर आला: “आम्ही सोसलं, तर यानेही सोसलं पाहिजे.”

“तुम्ही सोसलं, त्यातलं कामाला किती आलं?”

“उस्तादाने वर्षभर ब्रश धुवायला लावले.”

“ब्रश धुणं यायला किती दिवस लागतात?”

“महिना. फार तर दोन.”

“मग उरलेले दहा महिने?”

काका हसले. “ते त्याला त्याच्या उस्तादाने लावले होते म्हणून.” त्या हसण्यानंतर आमचं काम सोपं झालं.

अशाच पेचात असलेल्यांना मी आता सांगते ते असं. सगळे नवखे एका मापाने मोजू नका. एकाला येत नाही पण तो विचारतो. दुसऱ्याला येत नाही आणि तो विचारतही नाही. तिसऱ्याला सगळं येतं, तरी जाणूनबुजून माल हलका वापरतो. तुमचा राग तिसऱ्यावरचा असतो आणि निघतो पहिल्यावर, कारण दारात तोच येतो.

काय सांगायचं, याची हद्द आधी ठरवून ठेवा. जिवाशी संबंध असलेलं फुकट आणि लगेच सांगा: धातूच्या चौकटीला अर्थिंग, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, वरून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन जात असेल तर तिथे लांब पाइप उभा न करणं. हातातली कला शिकवायची असेल तर वेळेचे पैसे घ्या आणि संकोच करू नका. गिऱ्हाइकांची यादी आणि मालाचे भाव ही तुमची मिळकत आहे. ती न दिल्याने तुम्ही कोत्या मनाचे ठरत नाही. रात्री ‘भिया (इंदुरी बोलीत भाऊ), सप्लाय कितीचा लावू?’ असा फोन आला तर “सकाळी दुकान उघडल्यावर ये” एवढं पुरे. झोपेच्या वेळी दिलेलं उत्तर कडवट होतं आणि मग तेच डोक्यात फिरत राहतं.

कोटेशन मात्र बदलाच. काकांनी एक पान भरून लिहायला घेतलं: शीटची जाडी, पाइपचा गेज आणि त्यावर गंज रोखणारं रेड ऑक्साइड, सप्लायचे वॉट, मॉड्यूल किती, पाणी जायची भोकं, फिटिंग आणि परांचीचा खर्च, वॉरंटी कशाची आणि किती. ८ बाय ४ ची शीट १० फुटी बोर्डाला पुरत नाही, सांधा येतो. तो सांधा कुठे येईल, हेही त्यांनी लिहिलं. दुसऱ्याचा बिघडलेला बोर्ड दुरुस्तीला आला, तर तपासणीचे पैसे घेऊन काय सापडलं तेवढंच लिहून द्यावं, कोणी केलं ते लिहू नये. काकांना हे सगळ्यात जड गेलं. अजून जातं.

यातला प्रत्येक प्रश्न मनाचा नसतो. दुकानाचं भाडं निघत नसेल तर माझ्याआधी हिशोबनीसाकडे जा. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल किंवा संध्याकाळची बाटली वाढली असेल, तर डॉक्टरांना टाळू नका. सविस्तर कोटेशन वाचूनही काही गिऱ्हाइकं स्वस्ताकडेच जातात, तशी काकांचीही गेली.

शिकवलेला मुलगा समोर दुकान टाकेल का? टाकेलही. म्हणून देणंघेणं आधीच बोलून ठेवावं. त्या मुलाकडे मशीन आहे, त्याचा हप्ता आहे आणि मशीनला रोज काम हवं आहे. काकांकडे कामं आहेत, मशीन नाही. त्याचा भाव काकांना आजही पटत नाही, पण कटिंग ते त्याच्याचकडून करून घेतात. फाइल स्वतः तपासून, कर्व्ह करून पाठवतात, आणि व, ब, प यांची पोटं वेगळ्या पिशवीत मोजून परत मागतात.