पैसे जिंकण्यावरच लावले होते, मग आयुष्यभर बंदी का?

प्रश्न: भाऊ, माझा पोरगा शाळेच्या टीममधून सॉफ्टबॉल खेळतो, त्याला अमेरिकेच्या पीट रोझ या बेसबॉल खेळाडूचं वेड लागलंय. तो म्हणतो रोझनं पैसे आपल्याच टीमच्या जिंकण्यावर लावले, हरण्यावर नाही, मग त्याला कायमचं बाहेर का काढलं? मला काही सांगता आलं नाही.
एक वाचक, अमळनेर

उत्तर: भाऊ, पोराचं वेड मला कळतं. बेसबॉलमध्ये बॅटरच्या टप्प्याबाहेर चार बॉल पडले की त्याला पहिला बेस, म्हणजे पळायचा पहिला थांबा, फुकट मिळतो, चालत गेलं तरी चालतं, पण रोझ तिथंही जीव तोडून पळायचा. 1963 ते 1986 खेळला, 4256 हिट्स, म्हणजे बॉल मारून बेस गाठायचा तेवढ्या वेळा, अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या मेजर लीगमध्ये एवढे दुसऱ्या कोणाचेच नाहीत. 1985 मध्ये त्यानं हिट्समध्ये आधीचा विक्रमवीर टाय कॉबला मागं टाकलं तेव्हा तो सिनसिनाटी रेड्स या टीमचा खेळाडू पण होता आणि मॅनेजर पण, आणि सगळी गोम त्या मॅनेजरपणातच आहे.

कोण खेळणार, पिचर म्हणजे बॉल टाकणारा कधी बदलायचा, हे मॅनेजर ठरवतो. आता ज्या दिवशी त्याचे पैसे लागलेत त्या दिवशी तो दमलेल्या पिचरला पण अजून ओढू शकतो, उद्याचं उद्या बघू म्हणून, आणि ज्या दिवशी लावलेच नाहीत त्या दिवशी बुकीला न सांगता कळतं की आज याला स्वतःच्याच टीमचा भरवसा नाही. वरून उधारी चढली की बुकी पैशाच्या बदल्यात काय मागेल याचा नेम नाही, आयपीएलच्या दिवसांत आपल्याकडं उधारीपायी पोरं कशी अडकतात ते तुम्ही बघताच. जत्रेतल्या कुस्त्यांची जोड लावणाराच पैज लावून बसला तर तुम्ही तिथं थांबाल का?

आणि त्याला माहीत नव्हतं असंही नाही, आपल्या टीमच्या मॅचवर पैसे लावले की कायमची बंदी, हा नियम प्रत्येक टीमच्या क्लबहाऊसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या खोलीत, लावलेला असतो. ऑगस्ट 1989 मध्ये बंदी आली, पुढच्या वर्षी टॅक्स लपवल्याबद्दल पाच महिन्यांची कैद. मला मात्र जास्त लागतं ते हे की बेसबॉलवर मी पैसे लावलेच नाहीत असं तो जवळपास 15 वर्षं सांगत राहिला, लोक त्याच्यासाठी भांडत राहिले, आणि 2004 मध्ये त्यानंच कबूल केलं.

सप्टेंबर 2024 मध्ये तो गेला. मे 2025 मध्ये लीगच्या प्रमुखांनी, म्हणजे कमिशनरनी ठरवलं की बंदी माणूस जिवंत असेपर्यंतच, म्हणजे आता हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या पाट्या लावतात त्या मानाच्या दालनासाठी, त्याचा विचार होऊ शकतो, पण लवकरात लवकर डिसेंबर 2027 मध्ये. माझं मत विचाराल तर घ्यावं त्याला, आणि पाटीवर 4256 च्या खाली 1989 पण लिहावं.