बाईंना विचारा : 24 आठवडे सोबतीला कोण?

प्रश्न : बाई, मी निपाणीजवळच्या एका गावची. वय 46. तंबाखूच्या वखारीत कामाला जात होते. मागल्या पावसाळ्यात पोटात पाणी झालं, तेव्हा तपासणीत हेपॅटायटिस सी निघाला. लिव्हर कडक झालंय, सिरोसिस आहे म्हणाले. अंगात रक्त कमी, म्हणून जोडीची दुसरी गोळी देता येत नाही. एकच गोळी 24 आठवडे घ्यायची आहे. सुरू करून महिना होऊन गेला. सासूबाईंनी माझं ताट-तांब्या वेगळं केलंय. मालक काही बोलत नाहीत. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणतात, हेच औषध घेणाऱ्या दुसऱ्या बायकांना भेटत जा. पण मुलीची सोयरीक बघणं चाललंय. बाहेर कळलं तर? आणि दुसरीचं दुखणं ऐकून माझं कसं कमी होणार?
— निपाणी भागातील वाचक

उत्तर : ताई, भेटा. पण कुणालाही नको. कुणाला भेटायचं हे नीट ठरलं की निम्मं काम झालं, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

मला स्वतःला हा आजार होता. बाळंतपणात रक्त चढवलं होतं, त्यातून आला असावा असं डॉक्टर म्हणाले. हा विषाणू ओळखला गेला 1989 मध्ये, आणि आपल्याकडं रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली 2001 मध्ये. त्याआधी रक्त घेतलेल्या कितीतरी जणांना तो असाच नकळत मिळाला. माझ्या वेळी इंटरफेरॉन होतं. आठवड्याला एक इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ. माझ्या प्रकारच्या विषाणूला 48 आठवडे, आणि एवढं करून साधारण निम्म्याच लोकांना गुण यायचा. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी इंजेक्शन घ्यायची. रात्री हाडं मोडून काढणारा ताप. रविवारी अंथरूण, सोमवारी पहिल्या तासाला वर्गात.

वडगावातले एक विणकर दादा याच औषधावर होते, माझ्या थोडे पुढं. शनिवारी रात्री त्यांचा फोन यायचा. मागं मागाचा खडखडाट चाललेला. "बाई, ताप चढला काय? पाणी उशाला ठेवलाय काय?" एवढंच बोलणं. एकदा मी त्यांना म्हटलं, पोरं पाढे म्हणतात तेवढं ऐकूनही मला रडू फुटतंय, घरात कुणाशी धड बोलवत नाही. ते म्हणाले, "ते रडू औषधाचं हाय बाई, तुमचं न्हवं. डॉक्टरांस्नी सांगा, मलाबी गोळी दिल्ती." मन असं खचणं हा इंटरफेरॉनचा माहीत असलेला त्रास होता आणि डॉक्टरांकडं त्यावर उपायही होता. पण रडू येतं म्हणून डॉक्टरांपुढं तोंड उघडायचं, हे मला त्या दादांकडून कळलं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे. दुसरीचं ऐकून दुखणं कमी होत नाही. त्यातलं औषधाचं किती, आजाराचं किती आणि घरच्यांच्या वागण्याचं किती, हे मात्र वेगळं काढता येतं. तेवढं कळलं की काय डॉक्टरांना सांगायचं, काय सासूबाईंना आणि काय नुसतं सोसायचं, हे ठरवता येतं. एकटं माणूस सगळ्याची एकच मोट बांधतं आणि तिच्याखाली दबून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एवढं सगळं सोसलेलं असूनही मी तुमच्या कामाची सोबतीण नाही. माझ्या आठवणी दुसऱ्या औषधाच्या आहेत. इंटरफेरॉनच्या काळातलं कुणी भेटलं की केस गळण्यापासून तापापर्यंतची वर्णनं सुरू होतात आणि नव्या रुग्णाचा धीर सुटतो. मी हे होताना पाहिलंय, आणि मला त्याची फार चीड येते. सोफोसबुव्हिर हे नवं गोळीचं औषध 2013 च्या अखेरीस अमेरिकेत आणि 2015 मध्ये आपल्याकडं आलं, तेव्हापासून सगळं चित्रच पालटलं. बहुतेकांना 12 आठवडे गोळ्या लागतात आणि शंभरात नव्वदांहून जास्त जण बरे होतात. त्रास असला तर डोकेदुखी, थकवा, एवढाच. पोटात पाणी झालेल्यांत हा आकडा थोडा खाली येतो, पण त्यांच्यातही बहुतेकांचा विषाणू जातो.

उलट बाजूही बघा. लिव्हर चांगलं असताना 12 आठवड्यांत मोकळा झालेला माणूस सांगणार, "मला काहीच झालं नाही, मी रोज कामावर जात होतो." तो खरंच बोलतोय, पण ते ऐकून तुम्हाला वाटणार, मग मलाच का जिना चढवत नाही? म्हणून सिस्टरना स्पष्ट सांगा : सिरोसिस असलेली, हीच गोळी घेणारी, माझ्या पुढं गेलेली, मराठी बोलणारी बाई हवी. आणि माझ्या गावची नको. सिस्टर आधी तिला विचारतील, तिची हरकत नसली तरच नंबर देतील. सुरुवातीला दोघीच बोला. व्हॉट्सॲप ग्रुपात लगेच जाऊ नका. तिथं तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि नंबरावरून नाव काढायला आजकाल वेळ लागत नाही.

भेटायला वेगळी खेप करू नका. गोळ्या आणायच्या दिवशीच, औषधाच्या खिडकीबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसा. घरी काही सांगायला नको आणि मजुरीचा आणखी एक दिवस बुडायला नको. 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या बसला बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. आपल्या भागात आणखी एक अडचण असते. पाटी कन्नडात, रिपोर्ट इंग्रजीत आणि आपण मराठी शाळेत शिकलेल्या. कन्नड वाचता येणारी सोबतीण मिळाली तर कुठल्या खोलीत जायचं, रक्त कुठं द्यायचं, यातच तुमचा अर्धा शीण वाचेल.

सोबतिणीकडून औषधाचा सल्ला मात्र घेऊ नका. ती प्रेमानं सांगेल, भुईआवळ्याचा रस घे, अमुक वैद्याचा काढा घे, माझ्या जावेला गुण आला. कडक झालेल्या लिव्हरवर असले प्रयोग महागात पडतात. पित्ताची गोळी तर घराघरांत असते, छातीत जळजळलं की आपण टाकतो तोंडात. तुमच्या त्या एकाच गोळीत सोफोसबुव्हिर आणि व्हेल्पाटासव्हिर अशी दोन औषधं असणार, आणि त्यातलं व्हेल्पाटासव्हिर अंगी लागायला पोटातलं आम्ल लागतं. पित्ताच्या गोळीनं ते कमी होतं. म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. कंबर धरली म्हणून दुकानातून दुखण्याची गोळीही आणू नका. पोटात पाणी होणाऱ्याला त्यातल्या बऱ्याचशा चालत नाहीत. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका, सिस्टरना फोन करा.

सोबतिणीला विचारायचं ते वेगळं. मीठ कमी करायला सांगितलंय, तर ती भाकरीबरोबर काय खाते? लोणचं, पापड, खारी मिरची सुटली, मग तोंडाला चव कशानं आणते? लिंबू, लसूण, ओली कोथिंबीर, कमी मिठाची शेंगदाण्याची चटणी, असं काहीतरी तिनं हुडकलेलं असणार. रात्री झोपायच्या आधी थोडं खायला सांगितलंय का, हेही विचारा. सिरोसिसमध्ये रात्रभर पोट रिकामं ठेवलं की अंगातलं मांस झडतं, म्हणून भाकरीचा चतकोर आणि दूध असं काही घ्यायला सांगतात. आणि तुम्ही दोघींनी एक गोष्ट पाठ करून ठेवा : रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचाला, ताप येऊन पोट दुखणं, बोलण्यात गोंधळ किंवा दिवसा झोप आणि रात्री जाग. यातलं काहीही एकीला झालं तर दुसरीनं धीर देत बसायचं नाही, घरच्यांना हाक मारून मोठ्या दवाखान्यात न्यायला लावायचं.

ताट-तांब्याचं बोलते. हा आजार रक्तातून पसरतो. एका ताटात जेवून, एका तांब्यातून पिऊन, जवळ झोपून, नातवाला मांडीवर घेऊन पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते दात घासायचा ब्रश, नेलकटर, ब्लेड, आणि जखम झाली तर ती झाकायची. हे तुम्ही सांगितलंत तर सासूबाई ऐकणार नाहीत, मालक तर मध्ये पडणारच नाहीत. सासूला सासूनंच सांगावं लागतं. आमच्या ओळखीत एकीच्या घरी हेच चाललं होतं. औषध घेऊन बऱ्या झालेल्या एक आजी तिच्या सासूकडं हळदीकुंकवाला गेल्या, बोलता बोलता स्वतःचं सांगितलं आणि त्या सुनेच्याच ताटातला लाडू उचलून खाल्ला. पुढच्या आठवड्यात ताट परत मांडणीवर आलं. तुमच्या सोबतिणीच्या घरात अशी कुणी वडीलधारी असेल तर तिला घेऊन या.

मुलीचं. तिची एकदा तपासणी करून घ्या, कारण आईला आधीपासून आजार असेल तर बाळंतपणात मुलाकडं जाण्याची शक्यता असते, शंभरात साधारण पाच. तपासणी आणि गोळ्या दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. 28 जुलै 2018 ला देशभराचा हेपॅटायटिस कार्यक्रम सुरू झाला, त्यात हे येतं. मालकांचीही एकदा करा. मुलीत काही निघालं नाही, आणि बहुधा निघणार नाही, तर सोयरिकीत सांगण्यासारखं काही उरतच नाही. आईचं दुखणं पाहुण्यांपुढं मांडायलाच हवं असं मला वाटत नाही. तुमची लपवाछपवी आहे असं मनातही आणू नका.

एक पुढचं सांगून ठेवते. मधल्या महिन्यांत अंगात जरा बळ येतं आणि तेव्हाच गोळी चुकायला लागते. त्या दिवसांत सोबतिणीशी जास्त बोला. गोळ्या संपल्यावर आणखी 12 आठवड्यांनी रक्ताची जी तपासणी होते, तिच्यावरून बरं झालं की नाही ते ठरतं. ती वाट बघणं अवघड असतं, तेव्हाही सोबतीण हवी. आणि विषाणू गेला तरी सिरोसिस असल्यामुळं दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची असते. दोघींनी एकाच दिवशी करून घेतली तर टळणार नाही.

प्रश्न : मी चिकोडीचा. गेल्या वर्षी 12 आठवडे गोळ्या घेऊन बरा झालो. मलाही इतरांना आधार द्यावा असं वाटतं. सुरुवात कशी करू?

उत्तर : दादा, तुमच्या दवाखान्यातल्या सिस्टरांकडं किंवा समुपदेशकाकडं नंबर देऊन ठेवा आणि कुठली गोळी किती आठवडे घेतली ते कागदावर लिहून द्या, म्हणजे तुमच्यासारख्याच माणसाशी ते गाठ घालून देतील. एका वेळी एकदोघेच घ्या. समोरच्याला आजार कुठून आला हे विचारू नका. कुणाला रक्तातून, कुणाला न उकळलेल्या सुईतून, कुणाला डायलिसिसवर, कुणाला नशेच्या सुईतून आलेला असतो. त्याला वाटलं तर तो स्वतः सांगेल. दारू सुटत नसेल तर रागावू नका, डॉक्टरांना सांगायला त्याच्याबरोबर जा. आणि तुमचंही लक्षात ठेवा : एकदा बरं झालं म्हणून अंगात संरक्षण तयार होत नाही, या आजाराला लसही नाही. दाढी करायला दुकानात गेलात तर नवं ब्लेड मागा.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी ठरली होती. मेडिकलमध्ये हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलं, ते म्हणाले थांबा. माझे तर उपचार पूर्ण झालेत आणि विषाणू नाही असा रिपोर्टही आहे. आजार परत आला का?

उत्तर : बहुधा नाही. मेडिकलमध्ये जी साधी तपासणी करतात ती अँटिबॉडीची असते. अँटिबॉडी म्हणजे हा विषाणू कधीतरी अंगात येऊन गेल्याची खूण. बरं झाल्यावरही ती वर्षानुवर्षं रक्तात राहते. विषाणू आत्ता आहे की नाही हे एचसीव्ही आरएनए या तपासणीत कळतं, तिलाच व्हायरल लोड म्हणतात. उपचारानंतर 12 आठवड्यांनी केलेला तो रिपोर्ट तुमच्याकडं असेल. डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या : उपचार पूर्ण, आरएनए आढळला नाही, कामास योग्य. कारखान्यातल्या डॉक्टरांना स्वतः भेटून ते द्या. खिडकीवरच्या क्लार्कपुढं फाईल उघडू नका. त्या रिपोर्टला बरेच दिवस झाले असतील तर आरएनए पुन्हा करून द्यायची तयारी दाखवा. मूळ कागद घरी ठेवा आणि झेरॉक्सच द्या, कारण पुढच्या प्रत्येक मेडिकलला हेच परत दाखवावं लागणार आहे.