बार्सिलोनाला येताय? कॅटलानची सुरुवात स्वयंपाकघरातून करा

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची बार्सिलोनाची नोकरी पक्की झाली आहे, सप्टेंबरात तिघं येताय, मुलगी सहा वर्षांची आहे आणि तुम्ही चार महिन्यांपासून स्पॅनिश शिकताय. तर तिथली स्थानिक भाषा कॅटलान वेगळी शिकावी लागेल का, आणि तिचं व्याकरण डोकं कितपत खातं?

मी ११ वर्षं साबादेलला राहते, बार्सिलोनापासून गाडीने तासाच्या आत. दुकानात, बँकेत, दवाखान्यात स्पॅनिशवर भागतं. पुढेमागे नागरिकत्व घ्यायचं ठरलं तरी परीक्षा स्पॅनिशचीच असते. पण सरकारी शाळांत शिकवण्याची मुख्य भाषा कॅटलान आहे. लेकीच्या दप्तरातून येणाऱ्या चिठ्ठ्या कॅटलानमध्ये असतील आणि सहा महिन्यांत ती तुमचे उच्चार सुधारायला लागेल. म्हणून शिका. आणि कॅटलानला स्पॅनिशची बोली चुकूनही म्हणू नका. मराठीला कुणी हिंदीची बोली म्हटलं की आपल्याला जे होतं तेच यांना होतं. माझ्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. जन्मभर घरात कॅटलान बोलल्या, पण हुकूमशहा फ्रँकोच्या काळात शाळा सगळी स्पॅनिशमध्ये, त्यामुळे वाण्याची यादी आजही स्पॅनिशमध्येच लिहितात.

आता व्याकरण. माझं मत असं की ते स्पॅनिशच्या आधाराने शिकण्यापेक्षा मराठीच्या आधाराने शिकावं. निदान घरातल्या वाक्यांपुरतं तरी.

उच्चारांपासूनच बघा. लिहिलेला 'आ' किंवा 'ए' जोर देऊन म्हणायचा नसला की बार्सिलोनाकडे त्याचा आपला साधा 'अ' होतो, आणि तसाच 'ओ' असला की 'उ'. स्पॅनिश बोलणाऱ्यांना हा 'अ' शिकवावा लागतो, आपल्याला तो बाराखडीत पहिलाच भेटतो. क्रियापदाच्या शेवटचा 'र' बहुतेक ठिकाणी गिळतात, आणि 'व' चा 'ब' होतो. म्हणून खाली मी ऐकू येतं तसं लिहितेय. शब्दाच्या शेवटचा 'आ' मात्र सोयीसाठी लिहिलाय, तो हलकाच म्हणा.

नामांना लिंगं दोनच. अल गोत म्हणजे पेला, अल गनिबेत म्हणजे सुरी, ला कुल्येरा म्हणजे चमचा, ला नबेरा म्हणजे फ्रिज. मराठीचं लिंग इथे कामाला येत नाही, प्रत्येक शब्द 'अल' किंवा 'ला' सकटच पाठ करायचा. ल्युम हा एकच शब्द 'अल' लावला की दिवा आणि 'ला' लावला की उजेड. 'अपागा अल ल्युम' म्हणजे दिवा मालव. माणसांच्या नावांनाही घरगुती बोलण्यात हे लागतं: 'ला नूरिआ एस अ ला कुइना', नूरिआ स्वयंपाकघरात आहे. त्यात अनादर काही नाही.

'माझा-माझी' अगदी आपल्यासारखं, ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या लिंगाप्रमाणे: अल मेउ पारा, माझे वडील, ला मेबा मारा, माझी आई. फक्त आधी 'अल' किंवा 'ला' विसरायचं नाही.

मग आवडीनिवडी. इंग्रजीतून शिकणारे 'मी चहा आवडतो' छापाचं वाक्य बनवतात आणि अडकतात. आपल्याला 'मला चहा आवडतो' जन्मापासून येतं: मग्रादा अल ते. ऑलिव्ह अनेक असले की क्रियापदही अनेकवचनी, मग्रादन लस उलीबस, मला ऑलिव्ह आवडतात. दुखण्याचंही तसंच, 'अम फा माल अल काप' म्हणजे माझं डोकं दुखतंय. भूक मात्र लागत नाही, ती जवळ असते: 'तिंग गाना', मला भूक लागलीय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पाहुणे गायला बसतायत.

आणि कुणी हाक मारली तर? स्पॅनिशमध्ये 'जातो' म्हणतात. कॅटलानमध्ये आपल्यासारखं, 'आरा बिंक', आले हं!

खरा खड्डा भूतकाळात आहे, आणि स्पॅनिश शिकून आलेला माणूस त्यात हमखास पडतो. स्पॅनिशमध्ये 'मी जाते' या क्रियापदापुढे 'आ' आणि मूळ क्रियापद जोडलं की 'करणार आहे' असा अर्थ होतो. कॅटलानमध्ये 'बाच' म्हणजे मी जाते. पण त्याच्यापुढे थेट मूळ क्रियापद ठेवलं की होतो भूतकाळ! 'बाच कुम्प्रा पा' म्हणजे मी पाव आणला. मी आले त्या हिवाळ्यात शेजारच्या आजींचा पाय मुरगळला होता. त्यांच्या दारात उभी राहून मी ऐटीत 'बाच कुम्प्रा पा' म्हटलं. मला सांगायचं होतं की पाव आणायला निघालेय, तुम्हाला हवाय का. त्यांनी हात पुढे केला. मी रिकामी पिशवी धरून उभी. शेवटी त्यांनीच मध्ये एक 'आ' घालून वाक्य दुरुस्त केलं: 'बाच आ कुम्प्रा पा', पाव आणायला चाललेय. एवढ्याशा स्वराने पाव दुकानात राहतो नाहीतर पिशवीत येतो.

रूपं सहाच आहेत, आणि ती पाठ झाली की जगातल्या कुठल्याही क्रियापदाचा भूतकाळ तुमच्या हातात: बाच, बास, बा, बाम, बाउ, बान. पण हे कालचं किंवा त्याआधीचं झालं. आज केलेल्या कामाला दुसरं रूप लागतं. 'अबुई ए रन्तात अल्स प्लात्स', आज भांडी घासलीत. 'अई बाच रन्ता अल्स प्लात्स', काल भांडी घासली.

त्या आजच्या रूपात एक गंमत आहे, ती स्पॅनिशमध्ये नाही. मराठीत आपण म्हणतो, पाव? आणला. भाजी? आणली. वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं. कॅटलानमध्येही: अल पा? ले कुम्प्रात. ला ल्येत? ले कुम्प्रादा. पा पुल्लिंगी, ल्येत म्हणजे दूध, ते स्त्रीलिंगी, म्हणून 'कुम्प्रादा'. हल्ली पुष्कळ लोक सगळीकडे 'कुम्प्रात'च म्हणतात, पण तुम्ही 'कुम्प्रादा' म्हटलंत की समोरची बाई मान वर करून बघते.

उरले ते तीन टिल्लू शब्द: अन, ई, उ. वर्गात सगळे यांनाच घाबरतात. 'अन' म्हणजे 'त्यातलं'. बॉल्स पा? पाव हवाय? सी, अन बूल्य. हो, हवाय. 'अन' गाळलंत तर वाक्य लंगडं. फ्रिज उघडून म्हणायचं 'नॉन केदा', म्हणजे संपलंय, उरलं नाही; इथे 'नो' आणि 'अन' एक झालेत. हे एक वाक्य पहिल्या दिवशी शिका, दूध-साखर-मीठ सगळ्याला चालतं. 'ई' म्हणजे तिथे-इथे. खालून इंटरकॉमवर कुणी 'नवरा आहे का' विचारलं तर 'नो य एस', नाहीये घरी. आणि 'उ' म्हणजे आपलं नपुंसकलिंगी 'ते': 'झा उ से', ते माहितीये मला. नामांतलं नपुंसकलिंग गेलं, पण ते या एका अक्षरात जिवंत आहे.

'मला अमुक करायचंय' याला 'ए दा': 'ए दा बशा ला ब्रोसा', कचरा खाली न्यायचाय. इथे लोक चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहतात आणि ओला कचरा, प्लास्टिक, कागद, काच यांचे डबे रस्त्यावर वेगवेगळे असतात, त्यामुळे हे वाक्य रोज लागेल.

'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही आहेत, तू आणि बुस्ते. म्हाताऱ्या माणसांना आणि कार्यालयात बुस्ते म्हणा. शाळेतल्या बाई पहिल्या भेटीत तुम्हाला 'तू' म्हणतील, वाईट वाटून घेऊ नका.

वर्गांसाठी कॅटलान सरकारचा भाषा-कॉन्सोर्ती, म्हणजे कॅटलान शिकवणारी संस्था आहे, १९८९ पासून. सुरुवातीच्या पातळ्या मोफत असतात. जागा लवकर भरतात, आल्या आल्या नाव घाला. त्यांचीच एक योजना आहे, बुलुन्तरिआत पर ला ल्येंगा. त्यात एखादा स्थानिक माणूस तुमच्याशी आठवड्यातून तासभर नुसत्या गप्पा मारतो, असे दहा तास. मला वर्गापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला, कारण आम्ही बाजारात चालत बोलायचो.

एक अडचण मात्र येईलच. आपला चेहरा बघून लोक लगेच स्पॅनिशवर उतरतात. त्यांच्या दृष्टीने तो चांगुलपणा असतो. तेव्हा हसून म्हणायचं: 'अम पोत्स पर्ला अन कतला, सिसप्लाउ?' माझ्याशी कॅटलानमध्ये बोलशील का, प्लीज? आजींना विचारताना 'पोत्स'चं 'पोत' करा.