व्हाइस सिटीला परत जायचंय, पण धाकधूक होतेय

प्रश्न: नमस्कार, मी साताऱ्याचा, वय ३७. अकरावीत क्लास बुडवून कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन जीटीए व्हाइस सिटी हा गेम खेळायचो, एक जण कीबोर्डवर आणि तिघं मागे उभे, पॅन्झर हा चीट कोड टाइप केला की समोर धपकन रणगाडा हजर. मिशनं मात्र त्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरपाशीच अडकली, बांधकामावर चार बॉम्ब ठेवायचे असतात बघा, ते आजतागायत झालं नाही. आता त्याच मालिकेतला नवा जीटीए सिक्स परत त्याच शहरात नेतायत म्हटल्यावर ट्रेलर वीस वेळा तरी बघितला असेल, पण तारीख दोनदा पुढे गेली, जुन्या स्टोऱ्या लिहिणारा डॅन हाऊजर २०२० लाच कंपनी सोडून गेला, आणि मित्र म्हणतात सगळं ऑनलाइन पैसे उकळायला असणार. माझ्याकडे पीसीच आहे, टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल घेऊ का? मुलगा आठवीत आहे, म्हणतो बाबा एकत्र खेळू.

उत्तर: मुलाचं आधी सांगतो, नाही. हा मोठ्यांचा गेम आहे. तुम्ही अकरावीत खेळलात हे आत्ताच वाचलं, तरी नाही.

तारखेचं मला टेन्शन नाही. २०२५ चं २६ मे २०२६ झालं, त्याचं १९ नोव्हेंबर झालं, होऊ दे. २०२१ ला जीटीएच्या जुन्या तीन गेम्सना रंगरंगोटी करून बाजारात आणलं तेव्हा पाऊस पडला की समोरचं दिसेना, लोकांनी एवढी बोंब मारली की गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. त्यापेक्षा उशीर परवडला.

हाऊजरचं मलाही वाईट वाटतं, पण खरं सांगा, तुम्ही स्टोरी बघितलीत कुठे? हेलिकॉप्टरपाशीच अडकलात ना! तुम्ही बाइक काढून, रेडिओ लावून बीचकडेनं हिंडत होतात, तुम्हाला आवडलं ते शहर. आणि त्यात ही मंडळी कमी पडत नाहीत, त्यांच्याच रेड डेड टू या गेममध्ये माणूस चिखलात पडला की कपडे तसेच बरबटलेले राहतात, एवढं कोण बघतं? ऑनलाइनबद्दल मात्र मित्र बरोबर बोलतायत. जीटीए फाइव्हच्या स्टोरीत नंतर नवा भाग एकही आला नाही, सगळा जोर ऑनलाइनवर.

कन्सोलचं म्हणाल तर जाहीर झालंय ते पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलसाठीच. फाइव्ह कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ ला, रेड डेड टू ला पण वर्षभर लागलं, म्हणजे आपण पीसीवाल्यांनी वर्ष-दीड वर्ष धरूनच चालायचं. एका गेमसाठी मी तरी कन्सोल घेणार नाही, ईएमआयवर तर अजिबात नाही.

तोवर ते हेलिकॉप्टर उरकून टाका. टायमर पहिला बॉम्ब उचलल्यावरच सुरू होतो, म्हणून बॉम्बला हात न लावता आधी बिल्डिंगमध्ये शिरायचं, हेलिकॉप्टरच्या पंख्याने सगळे गार्ड निवांत साफ करायचे, जिने बघून ठेवायचे, आणि मग खाली येऊन पहिला बॉम्ब.